महापुरात बोट ऐनवेळी दगा का देते? वर्षभर पडून असलेली मोटरबोट पुन्हा चालू कशी करायची?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?"

३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदीने ५५ फुटांचा टप्पाही ओलांडला. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला. चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या गावांपर्यंत बोट हाच रस्ता झाला.

तेव्हापासून पूरपट्ट्यात बोटींचं महत्त्व सगळ्यांनाच पटलंय. पण गावात बोट असणं वेगळं आणि ती बोट चालू असणं वेगळं!

समुद्रातल्या बोटीला खारं पाणी खातं. आपल्याकडची बोट मात्र बहुतेक वेळा पडून राहिल्यामुळे खराब होते. दहा महिने शेडमध्ये, ताडपत्रीखाली. मग एका रात्री पाणी चढतं आणि इंजिनची दोरी ओढून ओढून हात दुखतात. हे का होतं आणि जुनी बोट पुन्हा कामाची कशी करायची, ते समजून घेऊया.

पहिला गुन्हेगार: शिळं पेट्रोल

बोटीच्या मागे लावतात त्या इंजिनला आउटबोर्ड म्हणतात. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. कार्ब्युरेटरची भोकं सुईच्या टोकाएवढी बारीक, ती लगेच बुजतात. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनला आधी तेच मिळतं.

म्हणून जुनं पेट्रोल पूर्ण काढा. टाकी धुऊन वाळवा. तडकलेली नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा बदला. कार्ब्युरेटर खोलून साफ करून घ्या. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नको.

लगेच दोरी ओढू नका

बरेच महिने बंद असलेल्या इंजिनचा स्पार्क प्लग आधी काढा. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि वरचं चाक हाताने सावकाश फिरवून बघा. अडकलं तर जोर लावू नका, मेकॅनिकला दाखवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडीला रेडिएटर असतो. आउटबोर्ड इंजिन मात्र नदीचंच पाणी खेचून स्वतःला थंड करतं. हे काम करतो इम्पेलर, म्हणजे पाकळ्या असलेलं छोटं रबरी चाक. पडून राहिल्यावर या पाकळ्या वाकलेल्याच कडक होतात. आणि इंजिन कोरडं चालवलं तर थोड्याच वेळात झिजून जातात.

म्हणून "बघू चालू होतंय का" म्हणत जमिनीवर इंजिन सुरू करू नका. खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवा, मगच सुरू करा. चालू इंजिनच्या मागून पाण्याची बारीक धार उडायला हवी. धार नसेल तर ताबडतोब बंद! पुराच्या पाण्यातला गाळही हीच वाट बुजवतो. त्यामुळे प्रत्येक पुरानंतर इंजिन स्वच्छ पाण्यात चालवून आतून धुवायलाच हवं.

गिअर ऑइल काय सांगतं?

इंजिनच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल थोडं काढून बघा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बदलावं लागेल. पुरात वाहून आलेल्या नायलॉनच्या दोऱ्या पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळल्या जातात आणि सील कापतात. म्हणून पंखा काढून तेही तपासा.

इथे कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना. उद्यमनगरात लेथवर कुठलाही भाग बनवून मिळतो, हा आपला अभिमान. पण काही इंजिनांच्या पंख्याला एक छोटी पिन असते, ती मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा दगडावर आदळला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी "भक्कम" पोलादी पिन बसवली, तर पुढच्या वेळी पिन टिकेल आणि गिअर तुटेल. त्यामुळे योग्य पिन आणा आणि दोन-चार जादा बोटीतच ठेवा.

आता बोटीचं अंग

फायबरची बोट बाहेरून चकचकीत असली तरी आतून पोकळ झालेली असू शकते. लहान हातोडीने सगळीकडे हलके टिचकवत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय.

इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी नीट तपासा. बऱ्याच जुन्या बोटींत तिच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. इंजिन वर-खाली दाबून बघा. फळी हलली किंवा वाकली तर ती बोट पुरात उतरवू नका.

चीर दिसली की वरून एम-सील फासणं ही दुरुस्ती नव्हे. खराब भाग चांगल्या थरापर्यंत घासायचा, पूर्ण वाळवायचा आणि मग रेझिन व काचधाग्याचे थर एकावर एक चढवायचे. ओल राहिली तर नवा थरही सुटतो.

माणसं किती बसणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि डझनभराहून अधिक जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हा समोर आलं.

जुन्या बोटीबाबत आणखी एक धोका असतो. तरंगायला मदत करणारा आतला फोम पाणी पितो आणि बोट जड होते. म्हणजे बोटीवर लिहिलेला आकडा नव्या बोटीचा असतो, आजचा नाही. त्यामुळे दुरुस्तीनंतर आधी वाळूची पोती ठेवून चाचणी घ्या. आणि लाइफ जॅकेटइतकीच माणसं बसवा.

मग करायचं काय?

सोपं आहे. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं इंजिन पाण्यात चालवा. मे महिन्यात पूर्ण बोट नदीत किंवा तलावात उतरवून बघा. पूर ओसरला की धुवा आणि पेट्रोल काढून ठेवा. कोणी, कधी, काय तपासलं याची वही ठेवा. बोट सरकारी असो, ग्रामपंचायतीची असो वा मंडळाची, वहीतलं नाव एका जबाबदार माणसाचं हवं. आणि इंजिन पाण्यात बुडालंच, तर "वाळू दे आठवडाभर" म्हणू नका. त्याच दिवशी उघडून धुवा, नाहीतर गंज आतून खातो.

तुमच्या गावात बोट आहे? मग ग्रुपवर एकच प्रश्न टाका: शेवटची कधी चालू केली होती?