नोंद वेगळी, काम वेगळं

गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाच्या फोनमधली यादी बहुधा अशी असते: लिफ्टवाल्याचा नंबर, 'सभा', 'पाणी', मधेच कुणाच्या तरी गाडीचा क्रमांक. लिहिलेलं सगळं असतं, पण वेळेला काही हाती लागत नाही. कारण दोन निराळ्या गोष्टी एकत्र पडल्या आहेत. नोंद आपण शोधायची असते. काम मात्र त्याच्या वेळी आपल्यासमोर यायला हवं. म्हणून दोन जागा कराव्यात. नोंदींसाठी गूगल कीप किंवा ऑब्सिडियन, कामांसाठी गूगल टास्क्स किंवा टूडूइस्ट. यांतलं कोणतं, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही.

आता 'सभा' हा एकच शब्द घेऊ. महाराष्ट्रात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सभा २८ तारखेला ठरली, तर नोटीस १३ तारखेच्या आत निघायला हवी. मग २८ तारखेला वाजणारा रिमाइंडर काय कामाचा? त्या एका शब्दाची तीन कामं करावीत: 'लेखापरीक्षकांकडून अहवाल आणणे', १ सप्टेंबर, 'विषयपत्रिका समितीपुढे ठेवणे', ७ सप्टेंबर, 'नोटीस वाटून फलकावर लावणे', १२ सप्टेंबर. प्रत्येक ओळ वाचताक्षणी काय करायचं ते कळतं. डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली आलेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात पुढची नेमकी कृती लिहिण्यावर भर दिला आहे तो यासाठीच. दोन मिनिटांत होणारं काम यादीत न घालता तिथल्या तिथे उरकावं, हेही त्यांचंच सांगणं.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांत एक खुबी आहे. लिफ्टची देखभाल करारातल्या तारखेनुसार होते; टाकी मात्र शेवटची धुतली तेव्हापासून महिने मोजावे लागतात. टूडूइस्टमध्ये 'एव्हरी' या शब्दाला लागून उद्गारचिन्ह दिलं, की पुढची तारीख काम पूर्ण झाल्या दिवसापासून धरली जाते.

नोंदींची खरी परीक्षा शोधताना होते आणि मराठीत ती जरा अवघडच. अनेक ॲप अक्षरं जशीच्या तशी जुळवून पाहतात. नोंदीत 'पाण्याचा व्हॉल्व्ह जिन्याखाली' असं लिहिलं असेल आणि आपण 'पाणी' शोधलं, तर ती सापडेलच असं नाही, कारण 'पाण्याचा' या रूपात 'णी' हे अक्षरच नाही. 'वीज' आणि 'विज'चंही तेच. वर्ष एकदा देवनागरी आकड्यांत आणि एकदा इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तरी गोंधळ होतो. उपाय सोपा आहे: नोंदीच्या पहिल्या ओळीत मूळ शब्द सुटे लिहावेत, 'पाणी व्हॉल्व्ह जिना', आणि आकडे कायम एकाच पद्धतीचे ठेवावेत. ही एवढी शिस्त पाळली, तर वेगवेगळ्या फोल्डरांची उतरंड रचायची गरज फारशी उरत नाही.

आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी सकाळी, कामांची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी. तारीख उलटलेल्या कामाला नवी तारीख द्यावी, नाहीतर ते सरळ काढून टाकावं. लाल झालेल्या ओळी साचल्या, की माणूस ॲप उघडायचंच टाळतो.

आणि सचिव बदलतात. ऑब्सिडियनच्या नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात. गूगलवरच्या नोंदी 'टेकआउट'मधून उतरवून घेता येतात. सोसायटीच्या नोंदी पहिल्यापासून स्वतःच्या खासगी नोंदींपेक्षा वेगळ्या ठेवल्या, तर नव्या समितीकडे त्या जशाच्या तशा सोपवता येतात.