गूढभयकथांची चित्रपटरूपांतरे

गूढभयकथांची चित्रपटरूपांतरे : अतिमानवी, अज्ञेय व अनाकलनीय शक्तींच्या चाहुलीतून भय निर्माण करणाऱ्या अभिजात कथांवर आधारलेले चित्रपट. एडगर ॲलन पो (१८०९–४९), हेन्री जेम्स (१८४३–१९१६), एम्. आर्. जेम्स (१८६२–१९३६) आणि एच्. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हे ह्या कथाप्रकारातील प्रमुख लेखक होत. भुताखेतांच्या सामान्य गोष्टींहून ह्या कथांचा पिंड निराळा असतो. त्यांतील भय हे जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही त्यावर, किंबहुना जे शब्दांत सांगताच येत नाही त्यावर, उभे असते. चित्रपट हे तर दाखविण्याचे माध्यम. त्यामुळे रूपांतरकारापुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न येतो : दाखवायचे किती आणि झाकायचे किती? ह्या चित्रपटांचा इतिहास म्हणजे बव्हंशी ह्या प्रश्नाला मिळालेल्या भिन्न उत्तरांचा इतिहास होय.

ह्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण एम्. आर्. जेम्सच्या ‘कास्टिंग द रून्स’ (१९११) ह्या कथेचे आहे. कार्सवेल नावाचा मांत्रिक गूढाक्षरे लिहिलेला कागदाचा कपटा आपल्या शत्रूच्या हाती नकळत देतो. तो ज्याच्याजवळ राहील त्याचा ठराविक मुदतीत मृत्यू ओढवतो. सुटकेचा उपाय एकच व तो म्हणजे तो कपटा देणाऱ्याने आपखुशीने परत स्वीकारणे. पाठलाग करणारी शक्ती जेम्सने कोठेही उघड केलेली नाही. कथानायक अंधारात उशीखाली हात घालतो, तेव्हा त्याच्या बोटांना दात व केस असलेल्या आणि मनुष्याच्या नसलेल्या एका तोंडाचा स्पर्श होतो. लेखक एवढेच सांगतो. ह्या कथेवर झाक तूर्नर ह्याने नाइट ऑफ द डीमन (१९५७) हा ब्रिटिश चित्रपट केला. वाऱ्याची वावटळ, हॉटेलातील निर्मनुष्य मार्गिका, रात्रीच्या रानातील पावलांचे ठसे अशा सूचक साधनांनी त्याने चित्रपटाचा मोठा भाग रंगविला आहे. तथापि आरंभी व अखेरीस प्रचंड राक्षसाचे दर्शन समीपदृश्यांसह घडविले आहे. ही दृश्ये निर्मात्याच्या आग्रहामुळे आली व ती आपणास मान्य नव्हती, असे तूर्नरने पुढे सांगितले. अमेरिकेत हा चित्रपट कर्स ऑफ द डीमन ह्या नावाने, बराच कापून प्रदर्शित करण्यात आला. पहिल्याच प्रसंगात राक्षस दिसल्यामुळे मंत्रतंत्रांवर विश्वास न ठेवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ नायकाची शंका प्रेक्षकाला आपली वाटू शकत नाही. नायक चुकतो आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. आगगाडीच्या डब्यात कपटा परत करण्याचा प्रसंग मात्र राक्षसाची मुळीच मदत न घेता श्वास रोखायला लावतो, ही गोष्ट तूर्नरच्या बाजूने बोलणारी आहे.

हेन्री जेम्सच्या द टर्न ऑफ द स्क्रू (१८९८) ह्या लघुकादंबरीवर जॅक क्लेटन ह्याने केलेला दि इनोसंट्स (१९६१) हा चित्रपट ह्या बाबतीत आदर्श मानला जातो. मुलांच्या शिक्षिकेला दिसणारी भुते खरी की तिच्या मनाचे खेळ, हा मूळ कथेतील संदेह त्यात जपला आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस ह्याने रुंद पडद्याच्या कडा काळोख्या ठेवून प्रेक्षकाची नजर मध्यभागी कोंडून धरली. तळ्यापलीकडच्या वेतांत भर दिवसा उभी असलेली काळ्या वस्त्रांतील स्त्री ही भयपटांतील अविस्मरणीय प्रतिमांपैकी एक ठरली आहे. पुढे शाळेच्या खोलीत ती नाहीशी होते, पण अश्रूचा एक थेंब मागे राहतो. तो थेंब पुरावा मानावा की भ्रमाचाच भाग, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही. शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरील रॉबर्ट वाइझच्या द हाँटिंग (१९६३) ह्या चित्रपटात भूत दिसतच नाही. दारावरील ठोके आणि आत फुगत येणारी फळी एवढ्यावर त्याने काम भागविले. १९९९ मध्ये त्याच कादंबरीवर निघालेल्या चित्रपटात संगणकीय चमत्कारांची रेलचेल झाली आणि भय मात्र ओसरले.

पोच्या कथांची परंपरा मूकपटांइतकी जुनी आहे. झां एप्स्टाइन ह्याच्या १९२८ च्या फ्रेंच मूकपटात ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ह्या कथेला पोच्याच आणखी एका कथेची जोड देण्यात आली. मंदगतीने हेलकावणारे पडदे व मेणबत्त्या ह्यांतून त्याने घराला सजीवत्व दिले. अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मन ह्याने १९६० मध्ये ह्याच कथेवर रंगीत चित्रपट केला. चित्रपटात राक्षस नाही अशी कुरबुर झाली तेव्हा घर हाच राक्षस अशी समजूत त्याने घातल्याचे सांगतात. त्याच्या यशानंतर पोच्या नावावर चित्रपटांची मालिकाच निघाली. द हाँटेड पॅलेस (१९६३) ह्याचे तर केवळ शीर्षक पोच्या कवितेचे. कथानक लव्हक्राफ्टचे आहे. लव्हक्राफ्टच्या नावाला तेव्हा बाजारात किंमत नव्हती.

लव्हक्राफ्टच्या कथा रूपांतराला सर्वांत दुर्घट ठरल्या. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) ह्या कथेत एका शेतावर उल्का पडते आणि तिच्यातून आलेला ‘रंग’ पिके, जनावरे व माणसे ह्यांना पोखरून टाकतो. हा रंग ज्ञात वर्णपटातील नाही, ही तर कथेची मेख. डाय, मॉन्स्टर, डाय! (१९६५) मध्ये त्याजागी हिरवी झळाळी आली. जर्मन दी फार्ब (२०१०) ह्या चित्रपटाने साधी पण चतुर युक्ती योजली : सारे चित्रण कृष्णधवल ठेवून फक्त तो परका रंग रंगीत दाखविला. २०१९ च्या अमेरिकन चित्रपटात किरमिजी-जांभळी छटा वापरली असून तीमागेही तर्क दिसतो. कारण किरमिजी रंग इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात एकेरी तरंगलांबीचा म्हणून आढळत नाही. स्ट्यूअर्ट गॉर्डनच्या री-ॲनिमेटर (१९८५) ने झाकण्याचा मार्ग सोडून रक्तपात व विनोद ह्यांची सांगड घातली. तो लोकप्रिय झाला, पण त्यात लव्हक्राफ्टची विश्वव्यापी भीती शोधू नये.

भारतात रवींद्रनाथांच्या गूढकथांवर तपन सिन्हा ह्यांचा क्षुधित पाषाण (१९६०) आणि सत्यजित राय ह्यांच्या तीन कन्या (१९६१) मधील ‘मणिहारा’ हे चित्रपट निघाले. मराठी वाचकाच्या दृष्टीने तुंबाड (२०१८) हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपट विशेष लक्षणीय आहे. त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडसे ह्यांच्या तुंबाडचे खोत ह्या कादंबरीची आठवण देते, तर कथानकाचा एक धागा नारायण धारप ह्यांच्या ‘आजी’ ह्या कथेकडे जातो. ह्या कथेमागे स्टीव्हन किंगची ‘ग्रॅमा’ (१९८४) ही कथा असून तीत लव्हक्राफ्टच्या कथाविश्वातील ‘हास्टर’ हे नाव येते. चित्रपटातील ‘हस्तर’ ह्या शापित देवाच्या नावाशी त्याचे साम्य उघड आहे. साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला झोपविण्यासाठी हे नाव उच्चारले जाते आणि हस्तर प्रत्यक्ष दिसतो तो त्यानंतर पुष्कळ वेळाने. कोकणातला न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि सोन्याचा लोभ ह्यांनी मधला अवकाश भरला आहे.