खोटारडे कोण? मलेशियाच्या ब्लॉगकारांपासून घ्यायचा धडा

मार्च २००७ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पर्यटनमंत्री तेंगकू अदनान यांनी एक विधान केले. ब्लॉग लिहिणारे सगळे खोटारडे असतात, ते लोकांना फसवतात, असा त्या विधानाचा आशय होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दहा हजार बेकार ब्लॉगकारांपैकी आठ हजार स्त्रिया आहेत, असेही त्यांनी ठोकून दिले. या आकड्यांना आधार काय, तर आपली समजूत! दुसऱ्याला खोटारडे म्हणताना मंत्र्याने स्वतःच असे आकडे हवेत फेकावेत, याला काय म्हणायचे?

सत्ताधारी मंडळी एखाद्या लेखकवर्गाला सरसकट खोटारडी म्हणू लागली, की त्यांना कुठेतरी खरे झोंबले आहे, असे खुशाल समजावे. परंतु आजच्या लेखाचा विषय मंत्रीमहोदय नाहीत. मंत्र्याच्या तोंडावर सत्य फेकणारे हे लेखक पुढे एकमेकांशी कसे वागले, आपल्या गटाच्या सोयीचे असत्य समोर आले तेव्हा त्यांनी काय केले, हा खरा प्रश्न आहे. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यावर विचार करण्यासारखा आहे.

वर्तमानपत्रे कोणाची?

प्रथम पार्श्वभूमी समजून घेऊ. मलेशियात १९५७ च्या स्वातंत्र्यापासून तब्बल ६१ वर्षे उम्नो या मलय पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीची सत्ता होती. 'उतुसान मलेशिया' हे दैनिक उम्नोच्या ताब्यात आणि 'द स्टार' हे दैनिक आघाडीतल्या चिनी पक्षाच्या मालकीचे. 'न्यू स्ट्रेट्स टाइम्स' आणि टीव्ही-३ ही वाहिनी ज्या उद्योगसमूहाकडे, तो उम्नोच्या जवळचा. त्यावर १९८४ च्या छापखाना कायद्याची टांगती तलवार. वर्तमानपत्राने दरवर्षी सरकारकडून परवाना घ्यायचा, आणि मंत्र्याची मर्जी फिरली की अंक बंद. वार्षिक नूतनीकरणाची ही अट २०१२ साली गेली, परंतु परवाना राहिलाच. १९८७ साली 'ऑपरेशन लालांग' या नावाने शंभराहून अधिक लोकांना विनाचौकशी तुरुंगात टाकले गेले आणि तीन वर्तमानपत्रे बंद करण्यात आली. तेव्हा पंतप्रधान होते महाथीर मोहमद.

याच महाथीर यांनी १९९६ साली परदेशी संगणक कंपन्यांना बोलावण्यासाठी इंटरनेटवर सेन्सॉरशिप न लादण्याचे वचन दिले. भांडवलासाठी उघडलेल्या या दारातून विचारही आत शिरला! १९९८ साली उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना पदावरून हाकलून तुरुंगात पाठवले, तेव्हा सुधारणावाद्यांनी या दाराचा पुरेपूर उपयोग केला. १९९९ साली 'मलेशियाकिनी' हे वृत्तस्थळ निघाले आणि त्यानंतरच्या काळात ब्लॉगकारांची पिढी उभी राहिली. ज्यांना छापील पानावर जागा नव्हती, त्यांनी स्वतःचे पान उघडले.

खटल्याने जोडलेले मित्र

जानेवारी २००७ मध्ये 'न्यू स्ट्रेट्स टाइम्स'च्या कंपनीने आणि तिच्या वरिष्ठांनी दोन ब्लॉगकारांवर बदनामीचे दावे दाखल केले. एक जेफ ओई, दुसरे अहिरुद्दीन अत्तान ऊर्फ रॉकी. अहिरुद्दीन हे 'मलय मेल' या दैनिकाचे माजी संपादक, म्हणजे मुरलेले पत्रकार. एक चिनी वंशाचा, दुसरा मलय मुसलमान. ज्या देशात राजकीय पक्षसुद्धा वंशावर बांधले गेले आहेत, तिथे या दोघांच्या मागे मलय, चिनी, तमिळ असे सगळे ब्लॉगकार एकत्र आले. त्यांनी एकजुटीचे फलक आपापल्या पानांवर लावले. एप्रिल २००७ मध्ये ब्लॉगकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अहिरुद्दीन तिचे अध्यक्ष झाले.

जुलै २००७ मध्ये नॅथॅनियल टॅन या तरुण ब्लॉगकाराला सरकारी गोपनीयतेच्या कायद्याखाली पकडले. त्याच महिन्यात 'मलेशिया टुडे' चालवणारे राजा पेत्रा कमरुद्दीन यांना पोलिसांनी तासन्‌तास बसवून प्रश्न विचारले. प्रत्येक अटकेगणिक मैत्री घट्ट होत गेली. दडपशाहीचा हा गुण असतो. ती माणसांना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे करते.

८ मार्च २००८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचे दोन तृतीयांश बहुमत गेले. २२२ पैकी १४० जागा तिच्याकडे राहिल्या, ८२ विरोधकांनी घेतल्या आणि पाच राज्ये विरोधकांच्या हाती आली. जेफ ओई पेनांगमधल्या जेलुतोंग मतदारसंघातून खासदार झाले. टोनी पुआ आणि एलिझाबेथ वाँग हे ब्लॉगकारही निवडून आले. पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी निकालानंतर जाहीरपणे मान्य केले, की इंटरनेटवरची लढाई आपण हरलो आणि तिला कमी लेखणे ही आपली मोठी चूक होती. २०२५ साली निधन पावलेल्या या नेत्याची ही कबुली नोंद घेण्यासारखी आहे. हरलेला माणूस सरळपणे खरे बोलला. जिंकलेल्यांना ते पुढे किती जमले?

एकजूट कशाची होती?

या मैत्रीच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते. अब्दुल्ला बदावींच्या विरोधात लिहिणारे सगळे एका विचाराचे नव्हते. काहींना अन्वर इब्राहिम सत्तेवर हवे होते, तर काही महाथीरांचे चाहते होते. २००३ साली निवृत्त झालेले महाथीर २००६ पासून आपल्याच वारसदारावर तुटून पडले होते. या काहींना उम्नो नको नव्हती. त्यांना उम्नोचा तो एक नेता नको होता, एवढेच. दोघांचा शत्रू एक म्हणून दोघे मित्र झाले.

गंमत पाहा. ज्या महाथीरांच्या राजवटीत वर्तमानपत्रांना कुलपे लागली, त्यांनाच निवृत्तीनंतर वर्तमानपत्रे जागा देईनात. मग मे २००८ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांनी स्वतःचा ब्लॉग काढला आणि त्याला 'चे देत' हे तरुणपणीचे टोपणनाव दिले. आपण बांधलेल्या भिंतीला आपलेच डोके आपटले, तेव्हा त्यांना लेखनस्वातंत्र्याची आठवण झाली!

एप्रिल २००९ मध्ये अब्दुल्ला पायउतार झाले, नजीब रझाक पंतप्रधान झाले आणि महाथीर उम्नोत परतले. समान शत्रू नाहीसा झाल्याबरोबर ब्लॉगकारांची एकजूटही ओसरली. अहिरुद्दीन उम्नोकडे झुकलेले ब्लॉगकार म्हणून ओळखले जाऊ लागले. जेफ ओई विरोधी बाकांवर बसलेले. कालपर्यंत एकाच फलकाखाली उभी असलेली दोन नावे दोन छावण्यांत गेली.

कोणी कोणत्या पक्षाकडे जावे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. मतभेद झाला म्हणून कोणी बेइमान ठरत नाही. खोटेपणा इतकाच, की जोवर उपयोग होता तोवर हा मतभेद कोणी स्पष्ट बोलून दाखवला नाही. बोलले असते तर मैत्री कदाचित थोडी पातळ झाली असती, परंतु फसवले गेल्याची भावना उरली नसती.

शपथपत्राची गोष्ट

सर्वांत बोचणारे प्रकरण राजा पेत्रा यांचे आहे. हा माणूस सेलांगोरच्या राजघराण्याशी नाते सांगणारा. तरीही अन्वरच्या सुटकेची मोहीम चालवताना २००१ साली विनाचौकशी स्थानबद्धतेत जाऊन आलेला. त्याच्या धाडसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर २००६ मध्ये अल्तान्तुया या मंगोलियन तरुणीचा खून झाला आणि तिचे प्रेत स्फोटकांनी उडवले गेले. दोन पोलिसांवर खटला चालला. कनिष्ठ न्यायालयात शिक्षा, अपिलात सुटका आणि २०१५ साली सर्वोच्च पातळीवर पुन्हा शिक्षा, असा त्याचा प्रवास झाला. जून २००८ मध्ये राजा पेत्रा यांनी एक शपथपत्र केले. प्रेत उडवले त्या ठिकाणी तत्कालीन उपपंतप्रधान नजीब यांच्या पत्नी हजर होत्या, अशी खात्रीलायक माहिती आपल्याला मिळाली आहे, असे त्यात म्हटले होते. हा आरोप नाकारण्यात आला आणि तो कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही. राजा पेत्रा यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला गेला. १२ सप्टेंबर २००८ रोजी त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडून कामुंटिंगच्या छावणीत नेले. त्यांच्यासाठी लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. कायदामंत्री झैद इब्राहिम यांनी या अटकसत्राच्या निषेधार्थ मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरात न्यायालयाने राजा पेत्रा यांना सोडले आणि पुढे त्यांनी देश सोडला.

एप्रिल २०११ मध्ये, सारावाकच्या निवडणुकीच्या तोंडावर, राजा पेत्रा टीव्ही-३ वर झळकले. जी वाहिनी सरकारची म्हणून सगळे नाके मुरडत, त्याच वाहिनीवर! ते म्हणाले, की शपथपत्रातली माहिती दुसऱ्यांनी आपल्याला पुरवली होती आणि आपला स्वतःचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या जुन्या साथीदारांत एकच गहजब झाला. गद्दार, विकला गेला, असे शिक्के बसले. पुढे राजा पेत्रा यांनी अन्वर आणि विरोधी पक्षांवरच टीकेची झोड उठवली.

त्यांचे वागणे समर्थनीय नाही. ज्यावर आपला विश्वास नाही ते शपथेवर लिहून देणे हा वाचकाचा आणि आरोप झालेल्या माणसाचा अपराध आहे. परंतु गद्दार म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. शपथपत्रात 'मी पाहिले' असे कुठेच नव्हते. 'मला कळले' असे होते. ही ऐकीव गोष्ट आहे, हे २००८ सालीच वाचता येणाऱ्या कोणालाही कळत होते. तेव्हा किती मित्रांनी राजा पेत्रा यांना विचारले, की बाबा रे, तुला हे कोणी सांगितले आणि तुला स्वतःला ते पटते काय? ज्यांनी विचारले नाही, त्यांनी सोयीचे म्हणून ते सत्य मानले. तीन वर्षांनी गैरसोयीचे झाले म्हणून तोच माणूस खोटारडा ठरला. दोन्ही वेळा तपासला गेला तो माणूस कोणत्या बाजूला उभा आहे, एवढाच मुद्दा. खरे काय, हे तपासायचे राहूनच गेले. आणि ज्या मुलीचा जीव गेला, तिला न्याय मिळवून देण्याच्या लढ्याचे यात नुकसानच झाले.

मळ्यातल्या माणसाचे काय?

या गटबाजीची किंमत कोण मोजतो? मलेशियातले बहुसंख्य भारतीय हे ब्रिटिशांनी रबराच्या मळ्यांवर नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज आहेत. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९२९ साली पेरियार रामसामी मलायात गेले आणि त्यांनी या लोकांपुढे स्वाभिमानाचा विचार मांडला. मळे विकले गेले, जुन्या वस्त्या उठल्या आणि हा माणूस शहराच्या कडेला येऊन पडला. २५ नोव्हेंबर २००७ रोजी 'हिंड्राफ'च्या हाकेवर हजारो तमिळ लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे मारले गेले. त्या दिवसाचे चित्र जगापुढे नेण्यात ब्लॉगकारांचा मोठा वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु फूट तिथेही पडली आणि ती सख्ख्या भावांत पडली. २०१३ च्या निवडणुकीआधी वेदमूर्ती यांनी सत्ताधारी आघाडीशी करार केला आणि ते उपमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांचे बंधू उदयकुमार राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी, आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून, वेदमूर्तींनी राजीनामा दिला. एक भाऊ मंत्रालयात, एक कोठडीत आणि मळ्यातला माणूस होता तिथेच!

मैत्री टिकते कशावर?

राजकारणातल्या मैत्रीची आणि वैराची आयुर्मर्यादा किती, हे मलेशियाने पुढे आणखी एकदा दाखवले. ज्या महाथीरांनी अन्वरना तुरुंगात पाठवले, त्यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये कोर्टात जाऊन त्यांच्याशी हात मिळवला. २०१८ साली दोघांनी मिळून उम्नोची सत्ता घालवली. २०२० साली ती मोट फुटली. २०२२ साली अन्वर पंतप्रधान झाले, ते उम्नोचाच पाठिंबा घेऊन. आणि राजद्रोहाचा जो १९४८ चा कायदा ब्लॉगकारांच्या मानेवर होता, त्याच कायद्याखाली २०२४ साली माजी पंतप्रधान मुहिद्दीन यासिन यांच्यावर खटला भरला गेला. खुर्चीवर माणसे बदलली, फटका तोच राहिला.

यातून एक उजळ उदाहरणही घेता येते. महाथीरांच्या कन्या मरिना महाथीर याही स्तंभलेखिका आणि ब्लॉगकार. स्त्रियांच्या हक्कांवर त्यांनी सातत्याने लिहिले. वडिलांशी जिथे पटले नाही, तिथे तसे लिहिले. २०११ साली स्वच्छ निवडणुकांच्या मागणीसाठी निघालेल्या 'बर्सिह' मोर्चात त्या चालल्या. वडील म्हणून प्रेम केले, म्हणून मत गहाण टाकले नाही. मत वेगळे म्हणून नातेही तोडले नाही. मैत्रीचेही असेच असायला हवे.

'आपला माणूस' चुकला तर त्याला चारचौघांत उघडे पाडण्याआधी बाजूला घेऊन विचारणे ही मैत्री. विचारूनही तो खोट्यालाच धरून बसला, तर वाचकाला खरे सांगणे हे कर्तव्य. आणि विरोधी गटातला माणूस खरे बोलला, तर त्याचे खरे मान्य करणे हे धैर्य. यातले तिसरे सर्वांत अवघड, कारण ते केले की आपलेच लोक आपल्याकडे संशयाने पाहू लागतात.

मंत्र्याने ब्लॉगकारांना खोटारडे म्हटले, त्याने त्यांचे काही बिघडले नाही. उलट त्यांची किंमत वाढली. ते दुबळे झाले ते एकमेकांच्या असत्याकडे डोळेझाक केल्यामुळे. आपल्याकडे अशी उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागेल असे नाही. ज्याने त्याने आपल्या गटाकडे आणि आपल्या मित्राकडे पाहावे. आणि त्याआधी, आपण स्वतः गेल्या खेपेला सोयीचे म्हणून काय न तपासता पुढे ढकलले, हे आठवून पाहावे.