धुराच्या रंगावरून इंजिनाचे दुखणे

घरात उदबत्ती लावली की तिच्या धुराकडे जरा निरखून पाहा. धुराच्या मागे काळा कपडा किंवा अंधारा कोपरा असेल, तर धूर निळसर दिसतो. तोच धूर उजेडाच्या खिडकीसमोर धरून पाहा. आता तो पिवळट-तांबूस वाटेल. धूर तर तोच, मग रंग का बदलला?

धुराचे कण अतिशय बारीक असतात. प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असलेले कण तांबड्यापेक्षा निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये याचे गणित मांडले. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० धरली, तर निळा सुमारे चौपट विखुरतो. ताळा करून पाहा! काळ्या पडद्यापुढे आपल्याला हा विखुरलेला निळा प्रकाश दिसतो; खिडकीसमोर मात्र निळा वजा होऊन उरलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो. कण मोठे असले, जसे वाफेचे थेंब, तर सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो. काजळी मात्र प्रकाश गिळून टाकते, म्हणून ती काळी.

एवढी शिदोरी घेऊन आता एखाद्या जुन्या मोटारीपाशी जाऊ. आपण प्रीमियर पद्मिनीच घेऊ. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची ही भारतीय बहीण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तरी हौशी मंडळींच्या दारात ती अजून दिसते. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, आणि कार्बोरेटरचे. संगणक वगैरे काही नाही. त्यामुळे दुखणे ओळखायचे ते डोळ्यांनी, नाकाने आणि डोके चालवून.

थंडीच्या सकाळी सायलेन्सरातून पांढरी वाफ निघते, थेंबही ठिबकतात. याला कोणी घाबरू नये. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचे ज्वलनात पाणीच होते, आणि एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! एरवी ते अदृश्य वाफेच्या रूपात निघून जाते; नळी थंड असली की थेंब दिसतात. पाचदहा मिनिटांत नळी तापली की वाफ दिसेनाशी होते.

ती दिसेनाशी झाली नाही, तर प्रकरण वेगळे. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरे लोट येतात, रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होते आणि गळती तर कुठे दिसत नाही. हे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. बहुधा इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फाटलेले असते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर शंकाच उरत नाही. अशी गाडी चालवू नये. (गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असू शकते. झाकण निघताच ते उसळून अंगावर येते.)

खरा घोटाळा होतो तो निळ्या धुराशी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे कोणीही सांगेल. ‘गाडी ऑइल खाते, रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ असे म्हणून मोकळे होणारे कारागीर पुष्कळ. पण ऑइलला सिलिंडरमध्ये शिरायला दोन वाटा असतात, आणि कोणती वाट फुटली आहे यावर खर्च ठरतो. एक वाट खालून, झिजलेल्या पिस्टन-रिंगांच्या कडेने. दुसरी वरून. झडपेची दांडी ज्या नळीत वरखाली होते तिला गाइड म्हणतात. तो सैल झाला की वरचे ऑइल दांडीवरून खाली उतरते.

मग वाट ओळखायची कशी? धूर केव्हा येतो ते पाहायचे. रात्रभर गाडी उभी राहिली आणि सकाळी सुरू करताच निळा भपका येऊन थोड्या वेळात थांबला, तर रात्री गाइडमधून थेंब थेंब झिरपलेले ऑइल जळाले असे समजावे.

त्याहून बोलका पुरावा घाटात मिळतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. हवेची वाट बंद, पण पिस्टन मात्र जोराने हवा ओढतच असतात. त्यामुळे आत शिरण्याच्या नळीतला दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही खाली जातो. ही पोकळी सैल गाइडमधून ऑइल ओढून घेते, आणि खाली पोचून ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग! उलट, घाट चढताना, इंजिनावर भार असताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांना एका गॅरेजने संपूर्ण इंजिनाच्या कामाचा खर्च सांगितला होता, आणि ते गाडी भंगारात काढायला निघाले होते. धूर मात्र फक्त सकाळी आणि उतारानंतर येई. मी त्यांना आधी दाब मोजून घ्या म्हटले. चारही स्पार्क प्लग काढून एकेका सिलिंडरला दाबमापक लावतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. एखाद्याचा दाब कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. ऑइलने रिंगेची फट तात्पुरती बुजते, म्हणून दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर झडपांचा किंवा गॅस्केटचा. यांच्या गाडीत चारही आकडे ११५ ते १२० पौंडांच्या दरम्यान आले. रिंगा शाबूत! सैल गाइडने दाब सहसा कमी होत नाही, हे इथे लक्षात ठेवायचे. हेड उतरवून गाइड बदलले. ब्लॉकला हातही लावावा लागला नाही. गाडी आजही चालते.

खुणा नेहमी इतक्या स्वच्छ मिळत नाहीत. कधी दोन्ही वाटा फुटलेल्या असतात. कधी तर नुसते ऑइल जास्त भरलेले असते किंवा इंजिनाची श्वासनलिका तुंबलेली असते, म्हणून या फुकटच्या गोष्टी आधी पाहाव्यात.

काळा धूर त्या मानाने सोपा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. एअर फिल्टर तुंबला आहे का, चोक अडकला आहे का, कार्बोरेटरचा तरंगता गोळा फुटून पेट्रोल वाहते आहे का, एवढे पाहिले की बहुधा काम भागते.

पण काळ्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून धुराची तपासणी करायची ती गाडी उघड्यावर आणून. दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. काळा धूर थांबला म्हणजे हा वायू गेला असेही नव्हे. पीयूसी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजतात तो मुख्यतः हाच वायू, आणि कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा ते त्या आकड्याकडे पाहूनच ठरवावे.