कॉर्टिसॉलचा बागुलबुवा

जिममध्ये कुणाचं कटिंग, म्हणजे चरबी उतरवण्याचा टप्पा, सुरू झालं की हल्ली प्रोटीनच्या डब्याशेजारी आणखी एक डबी दिसू लागते. वर 'कॉर्टिसॉल कंट्रोल' नाहीतर 'स्ट्रेस सपोर्ट' असं काहीतरी छापलेलं, आत अश्वगंधा, फॉस्फॅटिडिलसिरीन, एल-थिआनिन वगैरे. डबी सुचवणाऱ्या ट्रेनरचा युक्तिवाद ठरलेला असतो: कमी खातोयस, जास्त घाम गाळतोयस, म्हणजे कॉर्टिसॉल वाढणार, ते स्नायू खाणार आणि पोटावर चरबी चढवणार, तेव्हा आधी ते दाब.

गंमत अशी की कॉर्टिसॉलच्याच जातकुळीची औषधं 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. १९९९च्या टूर द फ्रान्समध्ये लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात त्यांतलंच ट्रायअ‍ॅम्सिनोलोन सापडलं होतं आणि मागची तारीख टाकलेल्या डॉक्टरी चिठ्ठीने ते प्रकरण निभावून नेलं होतं. २०२२पासून तर स्पर्धेच्या काळात अशा औषधांची कुठलीही इंजेक्शनं चालत नाहीत. नुसतं स्नायू खाणारं हार्मोन असतं, तर ते चोरून घ्यायच्या भानगडीत कोण पडलं असतं?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. यकृताकडून साखर सोडवून घेणं, साठवलेली चरबी इंधन म्हणून मोकळी करणं, रक्तदाब टिकवणं, दाह आवरणं ही त्याची कामं. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. ते तयार होईनासं झालं की अ‍ॅडिसनचा आजार होतो: वजन झडतं, उभं राहिलं की घेरी येते, उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला याच घराण्यातलं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. केंडल, हेंच आणि राइखस्टाइन या तिघांना १९५०चं नोबेल मिळालं ते याच हार्मोनांच्या शोधासाठी.

व्यायामाने कॉर्टिसॉल वाढतं, हे ट्रेनरचं वाक्य मात्र खरं आहे. २००८च्या एका प्रयोगात १२ पुरुषांना तीस-तीस मिनिटं व्यायाम करायला लावला. कमाल क्षमतेच्या ६० टक्क्यांवर कॉर्टिसॉल सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, ८० टक्क्यांवर सुमारे ८३ टक्क्यांनी, आणि ४० टक्क्यांच्या रमतगमत व्यायामात जेमतेम हललं. प्रश्न पुढचा आहे: या वाढीने स्नायू झिजतात का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ५६ तरुणांना १२ आठवडे वजनं उचलायला लावून ते तपासलं आणि २०१२मध्ये निष्कर्ष छापला. व्यायामानंतर ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त चढत होतं, त्यांचं चरबीविरहित वजन किंचित जास्तच वाढलं होतं. संबंध सौम्य होता. त्यावरून कॉर्टिसॉलने दंड फुगतात असं कुणी म्हणू नये. मेहनत करणाऱ्याच्या अंगात ते चढतं, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण 'स्नायू खातं' हा सिद्धांत त्या आकड्यांपुढे लंगडा पडतो.

मग पोटावरच्या चरबीचं काय? ही समजूत कुशिंगच्या आजारावरून आली आहे. त्यात कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने बेसुमार राहतं. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय काटकुळे होतात. पोटाच्या आतल्या चरबीत कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारी ग्राहकं जास्त असतात, हेही खरं. पण तासभर स्क्वॉट मारल्यावर चढून पुन्हा उतरणारं कॉर्टिसॉल आणि ग्रंथीच्या गाठीमुळे रात्रंदिवस ओसंडणारं कॉर्टिसॉल यांना एका मापाने मोजणं म्हणजे पावसाची सर आणि महापूर एकच समजणं.

ही भीती विकण्याचा धंदा नवा नाही. २००३-०४च्या सुमाराला अमेरिकी टीव्हीवर कॉर्टिस्लिम नावाच्या गोळ्यांचा धुमाकूळ होता. जाहिरात चर्चेच्या कार्यक्रमासारखी रचलेली, आणि दावा असा की घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं वजन १० ते ५० पौंडांनी, म्हणजे साडेचार ते बावीस-तेवीस किलोंनी उतरेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००४मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. जानेवारी २००७मध्ये कमिशनने वजन घटवणाऱ्या चार उत्पादनांवरच्या तडजोडी एकदम जाहीर केल्या, एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर; त्यात कॉर्टिस्लिमवाल्यांना किमान १ कोटी २० लाख डॉलरच्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागलं. त्या गोळीच्या मूळ मिश्रणात बनाबा नावाच्या पानांचा अर्क होता. बनाबा म्हणजे आपला ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. शेजारी ग्रीन टी आणि कडू संत्र्याच्या सालीचा अर्क, दोन्ही अंगाला तरतरी आणणारे. ताण उतरवायच्या गोळीत उत्तेजकं! आजही सकाळी कॅफिनने ठासून भरलेला फॅट बर्नर आणि रात्री कॉर्टिसॉल ब्लॉकर घेणारे जिमोजिमी भेटतात. कॅफिनने कॉर्टिसॉल वाढतं, हे त्यांना डबी विकणारा सांगत नाही.

अश्वगंधेला मात्र या पंक्तीत बसवून चालणार नाही. तिच्यावरचं बरंचसं संशोधन भारतातच झालं आहे. २०१२मध्ये तणावग्रस्त ६४ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: मुळांचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस. रक्तातलं कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं ८ टक्क्यांनी. म्हणजे कॉर्टिसॉल उतरतं. चरबी? २०१७च्या ५२ जणांवरच्या प्रयोगात ८ आठवड्यांत अर्कवाल्यांचं वजन ३ टक्क्यांनी घटलं, इतरांचं दीड टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाच्या हिशेबात फरक सव्वा किलोचा, आणि ही माणसं दीर्घकाळ ताणाखाली असलेली, कटिंग करणारे पैलवान नव्हेत. तिसरा प्रयोग जिमवाल्यांचा लाडका: २०१५, ५७ पुरुष, ८ आठवडे, अश्वगंधा घेणाऱ्यांची बेंच प्रेस सरासरी ४६ किलोंनी वाढली, इतरांची २६ किलोंनी. काहीही न घेता दोन महिन्यांत २६ किलो वाढवणारी मंडळी नवशिकी असणार, हे कुठलाही जुना व्यायामपटू ओळखेल. होतीही तशीच. वर्षानुवर्षं लोखंड उचलणाऱ्याने त्या आकड्यावर हुरळून जाऊ नये.

फॉस्फॅटिडिलसिरीनची गोष्ट थोडक्यात आटपते. रोज ६०० मिलिग्रॅम, १० दिवस दिल्यावर व्यायामानंतरच्या कॉर्टिसॉलची उसळी बरीच कमी झाली, असं २००८च्या एका प्रयोगात दिसलं. त्यात माणसं होती १०. दुसऱ्या एका प्रयोगात ७५० मिलिग्रॅमनेही कॉर्टिसॉल ढिम्म राहिलं. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतात.

खरी ग्यानबाची मेख डाएटमध्ये आहे. २०१०मध्ये अमेरिकेत १२१ स्त्रियांवर तीन आठवडे एक प्रयोग झाला. ज्यांना दिवसाला १,२०० कॅलरींवर ठेवलं, त्यांचं दिवसभराचं कॉर्टिसॉल वाढलं. अन्न कमी पडलं की साखर सोडवून आणणं हे त्याचं नेमून दिलेलं कामच. कॅप्सूलने आकडा खाली आणला तरी पोट रिकामंच राहतं. झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठाने १० जाड व्यक्तींना १४ दिवस मोजकं खाणं देऊन एकदा साडेआठ तास अंथरुणात राहू दिलं, एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सुमारे ३ किलोंनीच घटलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. बाकीचं बहुतेक चरबीविरहित वजन गेलं. पहाटे पाचला जिम गाठण्यासाठी रात्री बाराला झोपणाऱ्याने हे आकडे आरशाला चिकटवून ठेवावेत. लांबच्या धावेत किंवा सायकलिंगमध्ये साखरेचं पेय घोटघोट प्यायलं तरी कॉर्टिसॉलची चढण कमी होते, आणि त्याला डबी लागत नाही.

'माझ्या अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, थकल्यात' हे निदान अलीकडे फॅशनमध्ये आहे. २०१६मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनी असा आजार अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, असं शीर्षकातच सांगून टाकलं.

आणि 'वनस्पती आहे, अपाय काय होणार?' भारतातल्याच यकृततज्ज्ञांनी २०२३मध्ये निव्वळ अश्वगंधेची उत्पादनं घेऊन कावीळ झालेल्या ८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांचं यकृत आधीच दुखणाईत होतं, त्यांतले काही वाचले नाहीत. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. अशा घटना क्वचितच्या आहेत, पण यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. थायरॉइडची हार्मोनं ती वाढवू शकते.

कॉर्टिसॉल खरोखरच बेसुमार वाढल्याच्या खुणा वेगळ्या असतात: पोटावर रुंद जांभळे वळ, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग, मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता न येणं. त्यासाठी डॉक्टर सकाळच्या एका रक्ततपासणीवर विसंबत नाहीत. मध्यरात्रीची लाळ, २४ तासांची लघवी किंवा रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन दुसऱ्या सकाळचं रक्त तपासतात. त्याआधी पहिली चौकशी असते ती स्टिरॉइडच्या गोळ्या, मलमं, इंजेक्शनं आणि घटक न छापलेल्या पुड्यांची, कारण अशा रुग्णांत सर्वाधिक वेळा दोषी तीच निघतात. मात्र स्टिरॉइडं बरेच दिवस चालू असतील, तर ती एका झटक्यात बंद करायची नसतात. त्यांमुळे सुस्तावलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी महिने लागतात.