राखणदार कोणाला ठेवावे?

माझे संशोधन म्हणजे दुसऱ्यांच्या घरातले कागद. गेली २२ वर्षे मी सातारा-कोल्हापूर भागातल्या जुन्या घरांतली मोडी दप्तरे पाहत हिंडते आहे. मी कुठल्या विद्यापीठात नाही की संस्थेत नाही. मोडी एका उन्हाळी वर्गात जेमतेम शिकले, पुढचे कागदांनीच शिकवले. दप्तर मालकाच्या घरीच राहते. मी त्याची छायाचित्रे घेते, लॅपटॉपवर उतरवते आणि रात्री वाचत बसते. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर माझे स्वतःचे फारसे काहीच नाही. आहे ते लोकांनी विश्वासाने दाखवलेले.

२०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी तो उघडला, तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांची अनोळखी शेपटी लागलेली. एकही छायाचित्र उघडेना. फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, ७२ तासांत ४९० डॉलर दिलेत तर किल्ली मिळेल, त्यानंतर ९८० पडतील. खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे रॅन्समवेअर, हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. तो माझ्या टेबलापर्यंत येईल असे वाटले नव्हते.

लॅपटॉपवर अँटीव्हायरस होता. विकत घेतलेला, मुदत न संपलेला. मग हे कसे झाले? या प्रश्नाचा माग काढता काढता मी या विषयात शिरले. दुकानदाराला, भाच्याला, ओळखीच्या प्राध्यापकांना 'कोणता अँटीव्हायरस चांगला?' असे विचारले, तर प्रत्येकाने वेगळे नाव सांगितले. प्रश्नच चुकत होता, हे उशिरा कळले.

आधी हे सॉफ्टवेअर काम कसे करते ते पाहू. सुरुवातीची पद्धत पोलीस चौकीतल्या नोंदवहीसारखी होती. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसमधला ओळख पटेल असा तुकडा नोंदवून ठेवायचा आणि संगणकावरची प्रत्येक फाइल त्याच्याशी ताडून पाहायची. फ्लॉपीच्या काळात हे पुरत असे. पुण्यात कैलास काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान होते, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्राम लिहिला आणि १९९० च्या दशकात त्यातून क्विक हील उभे राहिले. दुरुस्तीला आलेले यंत्र हीच तेव्हाची प्रयोगशाळा होती.

पण नोंदवहीत नाव नसलेला चोर तिच्यातून सुटतो. म्हणून पुढे दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे वागणुकीवर नजर: एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली बदलू लागला, तर त्याला अडवायचे. दुसरी म्हणजे अनोळखी फाइल दिसताच इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या नोंदवहीत चौकशी करायची. एवढे करूनही खात्री मिळत नाहीच. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते की, सर्व व्हायरस अचूक ओळखणारा आणि कधीही न चुकणारा प्रोग्राम असूच शकत नाही. तेव्हा '१०० टक्के संरक्षण' असे खोक्यावर छापलेले दिसले, तर ती जाहिरात समजावी.

मग निवड कशी करावी? विंडोजच्या लॅपटॉपवर २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळातच असतो. दुसरा बसवला की तो आपण होऊन बाजूला होतो. दोन राखणदार एकदम ठेवू नयेत, ते एकमेकांवरच भुंकतात आणि यंत्र मंदावते. तुलना करायची तर जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात. एव्ही-टेस्ट तीन बाबींना प्रत्येकी ६ पर्यंत गुण देते: संरक्षण, वेग आणि वापरातली सोय. तिसऱ्या बाबीत खोट्या आरोळ्याही मोजल्या जातात, कारण सारखा उगाच ओरडणारा राखणदार आपण शेवटी बंदच करतो. पहिला कोण आणि दुसरा कोण, यात वेळ घालवू नये. गेली काही वर्षे डिफेंडरसह बरीच नावे वरच्याच गुणांत असतात.

पैसे मोजून काय मिळते, हे मात्र नीट पाहावे. बहुतेकदा ते मुलांवरच्या नियंत्रणाची सोय, पासवर्डची वही, चार-पाच यंत्रांचा परवाना आणि अडचणीत फोन उचलणारा माणूस यांचे असतात. गावात एकटे राहणाऱ्या वाचकाला हा शेवटचा लाभ मोलाचा वाटू शकतो. तेवढ्यासाठी पैसे देण्यात गैर नाही. फुकटाचीही किंमत असतेच. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने वापरकर्ते इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरची वसुली लावली. अँटीव्हायरसला घरातली प्रत्येक खोली उघडी असते. म्हणून तो किती हुशार आहे यासोबत त्याचा मालक कोण आहे, हेही विचारावे.

पण अँटीव्हायरसहून आधीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे विंडोजच्या सुधारणा, अर्थात अपडेट. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजमधले एक भगदाड बुजवणारी सुधारणा दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला तो ती सुधारणा न घेतलेल्या यंत्रांतून. त्याच जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्यानेही पसरण्यासाठी ते भगदाड वापरले, आणि त्याच्या तडाख्यात आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. विंडोज १० च्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आहेत, हे जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

आता माझ्या सकाळीकडे वळते. आदल्या संध्याकाळी मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले होते. आपल्याकडे २० वर्षांचा मजकूर जुन्या मराठी फॉण्टमध्ये अडकून पडलेला आहे, तो युनिकोडमध्ये आणणारे ते सॉफ्टवेअर होते. विकतचे, पण कुणीतरी कुलूप तोडून फुकट ठेवलेले. सोबतच्या सूचनेत लिहिले होते: 'बसवण्यापूर्वी अँटीव्हायरस तात्पुरता बंद करा.' मी बंद केला. राखणदाराला मीच सुटी दिली आणि दार उघडून पाहुण्याला आत घेतले. बाहेरची हार्ड डिस्क, जिच्यावर सगळ्याची दुसरी प्रत होती, ती सोयीसाठी लॅपटॉपला जोडलेलीच असे. तिच्यावरही शेपट्या लागल्या.

त्यात कराडजवळच्या एका वाड्यातले ३४० कागद होते. दप्तराची गाठ सोडताना तिथल्या आजी म्हणाल्या होत्या, "घरात कुणाला हे वाचता येत नाही. तू वाच पोरी, आणि काय लिहिलंय ते मला सांग." मी सांगण्याआधीच त्या गेल्या. पुढे वाडा उतरवला. दप्तर कुठे गेले, ते त्यांच्या मुलांनाही ठाऊक नाही. १४० कागद वाचले ते योगायोगाने. काही अक्षरे लागत नव्हती म्हणून मी ते पेनड्राइव्हवर मिरजेच्या एका मैत्रिणीला पाठवले होते. बाकीचे २०० गेले.

मी पैसे दिले नाहीत. दिले तरी किल्ली मिळेलच याची हमी नसते, आणि पुढच्या घरफोडीचा खर्च आपण उचलतो. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेला 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सापडलेल्या किल्ल्या मोफत देतो. तिथे माझी किल्ली नव्हती.

आता मी डिफेंडरच वापरते. त्यातली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय मुळात बंद असते, ती चालू केली आहे. ओळखीच्या प्रोग्रामांखेरीज कुणालाही माझ्या दप्तरांच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. एखादा जुना प्रोग्राम त्यामुळे अडतो, त्याला तपासून परवानगी द्यावी लागते. रोजचे काम साध्या खात्यातून करते, सर्वाधिकार असलेल्या खात्यातून नाही. तोडलेले सॉफ्टवेअर घेत नाही.

आणि प्रती ठेवते. पीटर क्रोघ या छायाचित्रकारामुळे रूढ झालेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या कितीतरी घरांतले कागद गेले. त्या पिढीला हे कुणी नव्याने समजावण्याची गरज नसावी. माझी एक डिस्क दर रविवारी तासभर जोडते आणि लगेच काढून कपाटात ठेवते. दुसरी मिरजेला असते, तिची दर दोन महिन्यांनी अदलाबदल होते. वर्षातून एकदा त्या प्रतींतल्या फाइली उघडून पाहते, कारण न उघडलेली प्रत ही नुसती समजूत असते.

म्हणून आता कुणी 'कोणता अँटीव्हायरस घेऊ?' असे विचारले, तर मी उलट विचारते, 'उद्या लॅपटॉप उघडलाच नाही, तर काय जाईल? आणि त्याची प्रत आत्ता कुठे आहे?' याचे उत्तर असेल, तर बाजारातला कोणताही बरा राखणदार चालेल. नसेल, तर सर्वांत महागडाही पुरणार नाही.

कुलूप लागलेली ती जुनी डिस्क मी पुसलेली नाही. तपास यंत्रणांच्या हाती कधीकधी जुन्या किल्ल्या लागतात. कपाटात एका फडक्यात ती बांधून ठेवली आहे. त्या २०० कागदांत काय आहे, ते आजींना सांगायचे राहिले. आता माझ्याही घरात एक दप्तर आहे, जे कुणाला वाचता येत नाही.