कृष्णविवरं ऐकायला औंढ्याला चला!

देवगिरी किल्ल्याच्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेत शिरलेला शत्रू परत येत नसे, असं गाइड आजही रंगवून सांगतात. कृष्णविवराचंही तसंच, फक्त तिथून प्रकाशाचीही सुटका नाही.

मात्र ते आजूबाजूचं सगळं ओढून गिळतं, ही सिनेमावाल्यांची थाप. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आपल्या कक्षेत मुकाट फिरत राहील. ऊन तेवढं बंद. (मे महिन्यात संभाजीनगरकर हा सौदा लगेच पटवतील!)

सूर्याचं कृष्णविवर करायचं, तर तो ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबावा लागेल. पृथ्वी? अवघ्या ९ मिलिमीटर त्रिज्येत.

आता खरी गंमत. वस्तुमान दुप्पट झालं की विवराची त्रिज्याही दुप्पट होते, म्हणजे आकारमान आठपट! त्यामुळे विवर जितकं मोठं, तितकी त्याची सरासरी घनता कमी. १० एप्रिल २०१९ रोजी जगानं ज्याचं पहिलं चित्र पाहिलं, ते एम८७ दीर्घिकेतलं विवर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचं आहे. त्याची सरासरी घनता हवेपेक्षाही कमी भरते. पडायचंच असेल, तर असलंच निवडा. छोट्या विवरात, जिथून परतणं नाही ती सीमा गाठण्याआधीच माणसाच्या चिंध्या होतात; इथे ती धडधाकट ओलांडता येईल. पुढचं विचारू नका.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं कृष्णविवरांची पहिली टक्कर टिपली. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन विवरं एक झाली. बेरीज भरली ६२! उरलेले तीन सूर्य गुरुत्वीय लहरी बनून उडाले. त्या इथवर पोचायला सुमारे १३० कोटी वर्षं लागली. यंत्राच्या गोंगाटातून असा क्षीण इशारा हुडकण्याचं गणित रचण्यात पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा. आपल्याकडे याचं कौतुक कमीच झालं.

आता पाळी मराठवाड्याची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा आणि लहर येताच त्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजायचा! म्हणूनच हादरे कमी असलेली ही जमीन निवडली. तेव्हा औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाल, तर त्या बाजूनं गाडी जरा सावकाश हाका.